प्रतिश्याय : अवस्था आधी, औषध नंतर

शरद ऋतू सरत येतो. दुपारचे ऊन अद्याप अंग भाजीत असते आणि पहाटे मात्र पांघरूण ओढून घ्यावेसे वाटते. याच पंधरवड्यात आपल्या चिकित्सालयांत आणि औषधालयांत नाक पुसत येणाऱ्यांची गर्दी सुरू होते आणि वसंतात, कफप्रकोपाच्या काळी, ती पुन्हा वाढते. प्रतिश्याय हा व्याधी इतका परिचयाचा आहे की त्याचा स्वतंत्र विचार करण्याची आवश्यकता आपणांस सहसा वाटत नाही. रुग्णाने सर्दी झाल्याचे सांगावे आणि वैद्याने वा विक्रेत्याने सितोपलादि चूर्ण, त्रिभुवनकीर्तीच्या गोळ्या, अडुळशाच्या सिरपची बाटली आणि सोबत अणुतैल असा ठरावीक संच पुढे करावा, ही आता रीतच होऊन बसली आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू या संचातील एकेका कल्पाला दोष देण्याचा नाही. हे सर्व कल्प उत्तम आहेत. परंतु त्यांपैकी कोणता पहिल्या दिवशी द्यावयाचा, कोणता पाचव्या दिवशी आणि कोणत्या रुग्णास कोणता मुळीच द्यावयाचा नाही, हा विवेक सुटला म्हणजे तेच कल्प निष्फळ ठरतात, आणि क्वचित अपायही करतात.

येथे एक गोष्ट प्रारंभीच मान्य केली पाहिजे. साधी सर्दी औषधावाचूनही बहुधा सात ते दहा दिवसांत बरी होते. आधुनिक शास्त्र तिच्या मुळाशी दोनशेहून अधिक विषाणू मानते. त्यांत राइनोव्हायरस प्रमुख होय. निरोगी प्रौढास वर्षातून दोन-तीन वेळा आणि शाळेत जाणाऱ्या मुलास त्याहून कितीतरी अधिक वेळा सर्दी होणे स्वाभाविक समजले जाते. असा स्वयमेव शमणारा व्याधी चिकित्सकाला फसवितो, कारण कोणतेही औषध दिले तरी यश त्याच्या पदरात पडते. चौथ्या दिवशी दिलेल्या गोळीने सहाव्या दिवशी बरे वाटले, एवढ्यावरून त्या गोळीचे सामर्थ्य सिद्ध होत नाही. यास्तव प्रतिश्यायात औषध देताना दोनच प्रश्न खरे महत्त्वाचे ठरतात : मधल्या दिवसांतील क्लेश आपण किती कमी केले, आणि व्याधी कास, श्वास किंवा दुष्ट प्रतिश्यायाकडे जाण्यापासून रोखला काय? शास्त्रकारांचा भर याच दुसऱ्या प्रश्नावर आहे. चरकाचार्यांनी एका व्याधीतून दुसरा व्याधी उद्भवण्याचे उदाहरण म्हणून प्रतिश्यायातून कास आणि कासातून क्षय ही परंपरा निदानस्थानात सांगितली, ती उगाच नव्हे.

आम आणि पक्व

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राचा चोविसावा अध्याय संपूर्णपणे प्रतिश्यायाला दिला आहे. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानातील त्रिमर्मीय अध्यायात, तर वाग्भटाचार्यांनी उत्तरस्थानाच्या एकोणिसाव्या आणि विसाव्या अध्यायांत त्याचा विचार केला आहे. चरकमते चार प्रकार, सुश्रुतमते रक्तज धरून पाच. हेतूंची यादी वाचताना आजच्या रुग्णाची दिनचर्याच डोळ्यांपुढे उभी राहते : वेगावरोध, अजीर्ण, धूळ आणि धूर, अतिभाषण, रात्रीचे जागरण, दिवसाची अतिनिद्रा, थंड पाणी, दव, ऋतुवैषम्य. रात्रपाळी करून सकाळी वातानुकूलित बसने घरी परतणाऱ्या, रात्री उशिरा दहीभात खाणाऱ्या आणि दुचाकीवरून शहराची धूळ नाकात घेणाऱ्या रुग्णाला ही यादी वाचून दाखवावी. तो स्वतःच मान हलवील.

परंतु चिकित्सेच्या दृष्टीने दोषप्रकारांहूनही आधी पाहावयाची गोष्ट म्हणजे अवस्था. डोके जड, अन्नावर वासना नाही, नाकातून पातळ पाणी एकसारखे वाहते, आवाज बसलेला, वारंवार थुंकी सुटते, ही आमावस्था होय. स्राव घट्ट झाला, डोके हलके झाले, भूक लागली, स्वर मोकळा झाला, म्हणजे पक्वावस्था. रुग्णपरत्वे हे परिवर्तन बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास दिसते.

या ठिकाणी आपले शास्त्र आणि आधुनिक निरीक्षण यांची चांगली गाठ पडते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाकातील स्राव घट्ट व पिवळसर झाला की रुग्ण घाबरतो आणि पुष्कळदा त्याच्या हाती प्रतिजैविकाची पट्टी पडते. वास्तविक विषाणुजन्य सर्दीच्या नैसर्गिक क्रमात स्राव असा घट्ट व पिवळा होतोच. केवळ रंगावरून जिवाणूंचा संसर्ग झाला असे म्हणता येत नाही, आणि विषाणूंवर प्रतिजैविके निरुपयोगी असतात. आपल्या भाषेत, हा पाकाचा टप्पा आहे. रुग्णाला एवढे समजावून सांगणे हीदेखील चिकित्साच होय. प्रतिजैविकांच्या अनाठायी वापराने जिवाणू त्यांना दाद देईनासे झाले आहेत हे आज सर्वमान्य असताना, शेकडो रुग्णांना या एका वाक्याने परावृत्त करण्याची संधी आपणांस रोज मिळते.

पहिले तीन दिवस

आमावस्थेची चिकित्सा लंघन, पाचन आणि स्वेदन ही होय. लंघन म्हणजे उपाशी मारणे नव्हे. मुगाचे कढण, भाताची पेज, भाजलेल्या जिऱ्याची फोडणी दिलेले सार, एवढ्यावर दोन दिवस काढावेत. पिण्यास सुंठ घालून उकळलेले कोमट पाणी. औषधांत सुंठ हीच खरी नायिका. एक ते दोन ग्रॅम सुंठ किंचित गुळाबरोबर दिवसातून दोनदा दिली असता पित्तप्रकृतीचे रुग्ण वगळता कोणासही सोसते. कफवातप्रधान रुग्णास त्रिकटूही देता येते. दाह, तहान, नाकात जळजळ आणि आरंभापासूनच पिवळा उष्ण स्राव असलेल्या पित्तज प्रकारात मात्र त्रिकटू टाळून षडंगोदकाकडे वळावे.

घरोघरी होणाऱ्या काढ्यासंबंधी थोडे विस्ताराने लिहिणे अगत्याचे वाटते. गवती चहा, तुळस, दालचिनी, लवंग, आले ही आपल्या काढ्यातील द्रव्ये सुगंधी आहेत. त्यांचे कार्य उडनशील तेलांवर बव्हंशी अवलंबून आहे. ही द्रव्ये उघड्या पातेल्यात अर्धा तास खळाखळा उकळून पाणी एक अष्टमांश उरविणे म्हणजे जे हवे ते वाफेबरोबर घालवून केवळ कडवटपणा शिल्लक ठेवणे. शार्ङ्गधराचार्यांनी क्वाथ आणि फांट या भिन्न कल्पना सांगितल्या त्या याचसाठी. दशमूळ, कंटकारी, गुळवेल अशा कठीण द्रव्यांचा क्वाथ करावा. तुळस, गवती चहा यांचा फांट करावा, म्हणजे उकळते पाणी द्रव्यांवर ओतून झाकण ठेवावे आणि दहा मिनिटांनी गाळून प्यावे. एप्रिल २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने प्रसृत केलेल्या योगात तुळशीची पाने चार भाग, दालचिनी व सुंठ प्रत्येकी दोन भाग आणि काळी मिरी एक भाग असे प्रमाण होते, आणि तीन ग्रॅम चूर्ण दीडशे मिलिलिटर उकळलेल्या पाण्यात टाकून चहाप्रमाणे घ्यावयाचे होते. नाव 'क्वाथ' असले तरी कृती फांटाची होती. लोकांनी मात्र नाव तेवढे लक्षात ठेवले आणि तो आटवून आटवून प्यायले.

आमावस्थेत काय देऊ नये हे सांगणे येथे अधिक निकडीचे आहे. पहिले द्रव्य अडुळसा. वासा शीतवीर्य, तिक्तकषाय, कफपित्तघ्न. घट्ट चिकट कफ, पिवळा स्राव, रक्तानुबंध या ठिकाणी तिची बरोबरी करणारे द्रव्य क्वचितच सापडेल. आधुनिकांनीही तिच्यातील वासिसीन या घटकाच्या रचनेवरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध विकसित केले. परंतु नाकातून पाणी वाहत आहे, डोके जड आहे, अग्नी मंद आहे, अशा पहिल्या दिवशी अडुळशाचे गोड सिरप देणे म्हणजे आमात शीत आणि मधुर यांची भर घालणे होय. दुसरे औषध अणुतैल. चरकाचार्यांनी अणुतैलाचे नस्य प्रावृट्, शरद आणि वसंत या ऋतूंत, आकाश निरभ्र असताना, स्वस्थाने घ्यावे म्हणून सांगितले. तेच नस्य नवप्रतिश्यायात मात्र निषिद्ध आहे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील नस्याध्यायात नस्यास अयोग्य असलेल्यांत नवपीनसाचा रुग्ण स्पष्टपणे गणला आहे. तरीही वाहत्या नाकात तेलाचे थेंब टाकून घेणारे आणि 'यामुळे डोके आणखी जड झाले' अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण आपण सर्वांनीच पाहिले आहेत. औषध खोटे नव्हते, वेळ चुकली होती. सितोपलादि चूर्णाचेही असेच. प्रस्तुत लेखकाच्या मते ते पहिल्या दोन दिवसांपेक्षा कास सुरू झाल्यावर अधिक शोभते.

त्रिभुवनकीर्ती आणि तत्सम कल्प

योगरत्नाकरातील त्रिभुवनकीर्ती रसात शुद्ध हिंगूळ, शुद्ध वत्सनाभ, त्रिकटू, टंकण आणि पिंपळमूळ ही द्रव्ये असून त्यांस तुळस, आले आणि धोत्रा यांच्या रसांच्या भावना दिल्या जातात. नवज्वरयुक्त प्रतिश्यायात, अंग मोडून येत असताना, घाम येत नसताना हा कल्प वेगाने कार्य करतो; याविषयी दुमत नाही. दुमत आहे ते तो साखरेच्या गोळीप्रमाणे वाटण्याविषयी. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या नियमांतील अनुसूची ई-१ मध्ये वत्सनाभ, धोत्र्याचे बी, हिंगूळ ही द्रव्ये विषद्रव्ये म्हणून गणली आहेत आणि अशा कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याचा इशारा छापणे बंधनकारक आहे. वेष्टनावर इशारा आणि काउंटरवर मागेल त्याला चार गोळ्या कागदात बांधून, अशी स्थिती असेल तर त्या इशाऱ्याला अर्थ काय उरला?

वत्सनाभाची क्रिया हृदयाच्या गतीवर होते. शोधन योग्य झाले तर तिची तीव्रता पुष्कळ कमी होते, परंतु मात्रा दुप्पट-तिप्पट झाली तर ती पुन्हा डोके वर काढते. एकशे पंचवीस मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोन वेळा, आल्याचा रस व मध यांसह, तीन दिवस, आणि तीही प्रौढास : याहून पुढे जाण्याचे कारण साध्या सर्दीत बहुधा नसते. हृद्रोगी, हृदयाच्या गतीची औषधे घेणारे, गर्भिणी, स्तनदा माता आणि लहान मुले यांस हा कल्प देऊ नये. धोत्र्याचे बी असलेला लक्ष्मीविलास वृद्ध पुरुषास देताना त्याला लघवी अडखळण्याचा त्रास आहे काय, आणि डोळ्यांतील दाब वाढल्याचे निदान झाले आहे काय, हे विचारावे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या 'सर्दीच्या गोळ्या' एकाच वेळी देताना दोहोंत वत्सनाभ नाही ना, हे वेष्टन वाचून पाहावे. औषधालयात हे काम करणारा सहायक पुष्कळदा नवशिक्या मुलगा असतो. मालकाने अशा कल्पांसाठी स्वतंत्र कप्पा ठेवला तर निम्मा धोका तिथेच टळतो.

पाक झाल्यावर

स्राव घट्ट झाला, अंगाचा जडपणा गेला, की आपल्या काष्ठौषधींचा खरा प्रांत सुरू होतो. नाक चोंदलेले, कफ सुटत नाही, अशा स्थितीत शार्ङ्गधरसंहितेतील व्योषादि वटी चघळण्यास द्यावी. घसा कोरडा आणि खोकला ढास लागणारा असेल तर ज्येष्ठमध. कफ चिकट व पिवळा असेल तर अडुळसा आणि कंटकारी. खोकल्याबरोबर अरुची असेल तर तालीसादि. आचार्य यादवजी त्रिकमजी यांनी सिद्धयोगसंग्रहात दिलेला गोजिह्वादि क्वाथ, ज्यावर युनानी जोशांद्याची छाप स्पष्ट आहे, तो कोरड्या छातीच्या रुग्णास विशेष मानवतो. वारंवार सर्दी होणाऱ्या, अग्नी मंद असलेल्या जुन्या रुग्णास चित्रकहरीतकी अवलेह दोन-तीन महिने द्यावा. अणुतैलाचे नस्यही येथे, आणि नंतर प्रतिबंधार्थ प्रतिमर्श स्वरूपात, दोन-दोन थेंब. सात वर्षांखालील बालकांस व ऐंशी वर्षांवरील वृद्धांस नस्य वर्ज्य असले तरी प्रतिमर्श आजन्म हितकर मानले आहे. परंतु तान्ह्या मुलांच्या नाकात कोणतेही तेल टाकण्याचा मोह आपण टाळावा; ते श्वासमार्गात उतरून फुफ्फुसांना इजा करू शकते.

भूनिंबाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. कोकणात पालेकिराईत म्हणून परसदारी सापडणारा हा कालमेघ सर्दी-तापावर युरोपात आणि थायलंडमध्येही वापरला जातो, आणि त्यावर झालेल्या चिकित्सकीय चाचण्यांत लक्षणे काहीशी लवकर उतरल्याचे आढळले आहे. अर्थात त्या चाचण्यांचा दर्जा एकसारखा नाही. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामक संस्थेने २०१५ मध्ये या वनस्पतीमुळे क्वचित तीव्र अॅलर्जी होत असल्याच्या नोंदींचा आढावा घेतला होता. परसातील वनस्पती म्हणून ती निर्धोकच असेल असे गृहीत धरता येत नाही, एवढे त्यावरून घ्यावे.

काढ्याचा अतिरेक

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत महाराष्ट्रातील बहुतेक घरांत रोज काढा शिजला. सुंठ, मिरी, दालचिनी, लवंग यांचा काढा ग्रीष्मात, पित्तप्रकृतीच्या माणसाने, दिवसातून तीन वेळा आणि महिनोन् महिने घेतला. परिणामी तोंड येणे, आम्लपित्त, मूळव्याधीतून रक्त, नाकाचा घोळणा फुटणे अशा तक्रारी घेऊन तीच मंडळी आपल्याकडे आली. निरोगी माणसाने औषध रोज प्यावे असे आपले शास्त्र कोठेही सांगत नाही. ते ऋतुचर्या सांगते.

याच काळात गुळवेलीविषयी वाद उत्पन्न झाला. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या कालावधीत गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांमध्ये यकृतशोथ आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचे स्वरूप स्वप्रतिकारजन्य यकृतशोथासारखे होते. २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद मांडली. वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाही, टिनोस्पोरा क्रिस्पा या दुसऱ्या जातीशी गल्लत झालेली असू शकते, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. आक्षेप बिनबुडाचा नाही. क्रिस्पाच्या वेलीवर दाटीने उठलेल्या मोठ्या गाठी असतात आणि बाजारात कापून वाळविलेल्या तुकड्यांत दोन्ही सहज मिसळतात. परंतु हा आक्षेप शेवटी आपल्याच दारी येऊन थांबतो. वनस्पती चुकीची असेल तर ती विकली कोणी? आणि ती खरी गुळवेल असेल, तर संधिवातासारखा स्वप्रतिकारजन्य व्याधी किंवा यकृताचा जुना विकार असलेल्या रुग्णास ती महिनोन् महिने देताना यकृताची तपासणी करून घ्यावयास आपली हरकत का असावी? साध्या सर्दीत तर गुळवेल दीर्घकाळ देण्याचे प्रयोजनच नाही.

कोणास काय देऊ नये

ज्येष्ठमध गोड, सौम्य, मुलांनाही आवडणारे. म्हणून त्याच्या कांड्या दिवसभर चघळल्या जातात. त्यातील ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठते, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते. रक्तदाबाचा, विशेषतः मूत्रल औषधे घेणारा रुग्ण असेल तर ते दोन-तीन दिवसांपलीकडे देऊ नये. सर्दी बरी झाली पण रक्तदाब आटोक्यात येईना, असा रुग्ण समोर आला म्हणजे ज्येष्ठमधाविषयी अवश्य विचारावे.

पिंपळी आणि मिरी योगवाही आहेत हे आपण शिष्यांना शिकवितो, पण व्यवहारात विसरतो. त्यांतील पिपरिनमुळे इतर औषधांचे शोषण वाढते. जम्मू येथील सीएसआयआरच्या संस्थेच्या संशोधनातून क्षयरोगावरील रिफाम्पिसिनची मात्रा पिपरिनच्या योगाने कमी करणारे औषध २००९ मध्ये बाजारात आले, ते याच तत्त्वावर. मग अपस्मारासाठी फेनिटॉइन किंवा दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्या रुग्णास आपण त्रिकटूची भरघोस मात्रा दिली तर त्या औषधांचे प्रमाण रक्तात वाढेल, हे ओघानेच आले.

मधुमेही रुग्णांसंबंधी एक हिशेब मांडतो. सितोपलादि चूर्णात खडीसाखर सोळा, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन आणि दालचिनी एक भाग. म्हणजे अर्ध्याहून किंचित अधिक साखर. तालीसादि चूर्णात अठ्ठेचाळीस भागांपैकी बत्तीस भाग, म्हणजे दोन तृतीयांश साखर. दिवसाला नऊ ग्रॅम सितोपलादि घेतले तर साखर साडेचार-पाच ग्रॅम. एवढ्याने कोणाचा मधुमेह बिघडत नाही, हे खरे. परंतु त्यावर मधाचे अनुपान, सोबत गुळाचा अवलेह आणि सिरप अशी भर पडत जाते. अशा रुग्णास सुंठ, पिंपळी, वेलची यांचे साधे मिश्रण गरम पाण्यातून द्यावे.

मध एक वर्षाखालील बालकास कोणत्याही स्वरूपात देऊ नये. त्यातील बॉट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू तान्ह्या मुलाच्या आतड्यात वाढून स्नायूंना पक्षाघात घडवू शकतात. मध-तुपाच्या चाटणाची आपली परंपरा जुनी आहे आणि तिच्याविषयी अनेकांच्या भावना तीव्र आहेत, याची जाणीव ठेवूनही हे लिहीत आहे. एक वर्षावरील मुलांना रात्रीच्या खोकल्यात अर्धा ते एक चमचा मध खरोखर उपयोगी पडतो, हे मात्र चाचण्यांतूनही दिसले आहे. तान्ह्या मुलाच्या नाकाजवळ कापूर लावू नये; कापराने झटके येतात. ओव्याची कोमट पुरचुंडी छातीला शेकावी, तीही आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहून. वाफाऱ्याचे उकळते पातेले मुलांपुढे ठेवून अंगावर पांघरूण घालण्याची पद्धत तर बंदच झाली पाहिजे. त्यात भाजलेली मुले रुग्णालयांना परिचित आहेत. गर्भिणीस अडुळसा देऊ नये. हळदीची धुरी दमेकऱ्यास नको.

द्रव्यपरीक्षा

सर्दीच्या मोसमात सर्वाधिक खपणाऱ्या दोन चूर्णांतील दोन द्रव्ये बाजारात सर्वाधिक संशयास्पद असावीत, हा योगायोग नव्हे. मागणी तेथे भेसळ.

तालीसपत्र म्हणून शास्त्रमान्य द्रव्य अॅबीज वेबियाना या हिमालयीन वृक्षाची पाने. परंतु याच नावाखाली कित्येक ठिकाणी टॅक्सस, म्हणजे थुनेर, याची पाने विकली जातात. टॅक्ससच्या पानांतील टॅक्सिन हे द्रव्य हृदयास घातक आहे. शिवाय हिमालयातील या वृक्षाची झपाट्याने तोड झाल्याने त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. दोन्ही पाने अरुंद, चपटी, सुईसारखी. फरक असा की अॅबीजच्या पानाच्या खालच्या बाजूस मध्यशिरेच्या दोहोंकडे एकेक पांढरट पट्टा असतो आणि अग्रभागी बारीक खाच असते. टॅक्ससचे पान टोकाशी अणकुचीदार असून खालून फिकट पिवळसर हिरवे वा तांबूस असते, पांढरे पट्टे नसतात. साधे भिंग पुरे. मात्र ही परीक्षा पानाची होते, चूर्णाची नव्हे. म्हणून तालीसपत्र दळलेले घेऊ नये.

वंशलोचन ही बांबूच्या पेरांत साठणारी, मुख्यतः सिलिकायुक्त वस्तू. ती दुर्मिळ आणि महाग. बाजारात स्वस्त मिळणारे बहुतेक वंशलोचन रासायनिक रीतीने तयार केलेले असते. खरे वंशलोचन मिळत नसेल तर सितोपलादि अमुक रुपयांत विकणे परवडते कसे, हा प्रश्न ग्राहकाने नव्हे तर औषधालयाच्या मालकाने पुरवठादाराला विचारावयाचा आहे. तवकीर वापरावयाची असेल तर वापरावी, पण वेष्टनावर तसे लिहावे. दालचिनीचेही पाहावे : पातळ, अनेक पदरी, सुरळीसारखी गुंडाळलेली खरी दालचिनी; जाड, कठीण, एकपदरी साल ही बहुधा कॅसिया, जिच्यात कूमरिन अधिक असते आणि जी महिनोन् महिने रोज घेणे यकृताच्या दृष्टीने इष्ट नाही.

काउंटरवरील प्रश्न

सर्दीचा रुग्ण वैद्याकडे येण्याआधी औषधालयात जातो. तेव्हा पहिली पारख विक्रेत्यालाच करावी लागते. सर्दी किती दिवसांची, स्राव पातळ की घट्ट, ताप आहे काय, रोजची कोणती औषधे चालू आहेत, आणि औषध कोणासाठी, एवढे विचारण्यास एक मिनिट लागतो. महिनोन् महिने सकाळी शिंकांची माळ, नाक-डोळ्यांना खाज, ताप कधीच नाही, असे उत्तर आले तर ती ही सर्दीच नव्हे. तिला काढ्याचे पुडे विकू नयेत, वैद्याकडे पाठवावे.

आणि वैद्यानेही आपली मर्यादा ओळखावी. ताप तीन-चार दिवसांपलीकडे टिकला, थोडे बरे वाटून पुन्हा बळावले, दहा दिवसांनंतरही गालफडांत वा कपाळात ठणका आहे, कान दुखतो, वृद्ध रुग्ण असंबद्ध बोलू लागला, धाप लागली, तर पुढील तपासणीस विलंब करू नये. बालकाचे श्वास शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजावेत. दोन महिन्यांखाली साठ वा अधिक, दोन महिने ते एक वर्ष पन्नास वा अधिक, एक ते पाच वर्षे चाळीस वा अधिक, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, तर ते न्यूमोनियाचे चिन्ह समजून लगेच रुग्णालयात पाठवावे. मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधी स्राव येत असेल तर आत अडकलेला मणी किंवा शेंगदाणा शोधावा. तेथे कोणतेही चूर्ण कामाचे नाही. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला. त्याही साथीचा आरंभ घसा खवखवणे आणि नाक वाहणे यांनीच होत असे.

मोसमापूर्वीच्या खरेदीविषयी एक सूचना. शार्ङ्गधराचार्यांनी चूर्णाचे वीर्य दोन महिने टिकते असे सांगितले आहे; कायद्याने वेष्टनावर छापता येणारी मुदत त्याहून कितीतरी अधिक असते. सुंठ, पिंपळी, वेलची यांचा वास उडाला की चूर्णात उरते ती साखर. म्हणून दिवाळीआधी वर्षाचा साठा एकदम भरून ठेवण्यापेक्षा सुंठ, पिंपळी, वेलची, तालीसपत्र ही द्रव्ये अख्खी घ्यावीत, कोरड्या झाकणबंद डब्यांत ठेवावीत आणि परवान्याच्या मर्यादेत शक्य असेल तेथे दर सहा-आठ आठवड्यांनी लागेल तेवढेच चूर्ण करवून घ्यावे. तयार चूर्णच घेणे भाग असेल तर पुरवठादाराकडून उत्पादनाची तारीख विचारून अलीकडची खेप मागावी, आणि बरणी उघडल्याचा दिवस तिच्यावर पेन्सिलीने लिहून ठेवावा.